हिरव्या दगडाचं गाव

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मला जळगावच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि पिंप्राळ्याला एका घराच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. खाली घरमालक नवरा-बायको राहायचे. घरमालक विहिरींच्या सरकारी योजनेवर ओव्हरसियर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला अक्का. मीही तेच म्हणू लागले.

मी काय शिकवते हे कळल्यावर पहिल्याच रविवारी नाना जिना चढून वर आले. हातात स्टीलचा डबा होता. काही खायला आणलं असेल असं मला वाटलं. झाकण उघडलं तर आत कापसावर ठेवलेला पांढरा दगड, नारळाच्या वाटीएवढा, अंगावर बारीक सुयांचा पिसारा फुललेला. त्यांनी विचारलं, हा कोण? मी नाव सांगितलं. ते जिन्याच्या कठड्याला धरून हसत उभे राहिले. इतकी वर्षं नाव ठाऊक नसलेल्या पाहुण्याला घरात ठेवून घ्यावं आणि एक दिवस कुणीतरी त्याचं नाव सांगावं, तसं काहीसं त्यांना झालं असावं.

मग तो आमचा रिवाजच झाला. दर रविवारी दुपारचा चहा झाला की नाना पलंगाखालून लाकडी पेटी ओढायचे. आपल्या खानदेशातला काळा खडक वरून रुक्ष दिसतो, पण त्याच्या पोटात पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांमध्ये लाखो वर्षं अंधारात स्फटिक वाढलेले असतात. विहीर खोदताना सुरुंग लावला की कधीतरी अशी पोकळी फुटते. बाकी ओव्हरसियर विहिरीची खोली मोजून निघून जात. नाना ढिगाऱ्याशी उकिडवे बसत आणि एखादा तुकडा धोतराच्या सोग्याला पुसून घरी आणत. नोकरीत जिथे जिथे बदली झाली तिथले दगड त्या पेटीत होते. प्रत्येक दगडाला पोस्टकार्डाची पट्टी डिंकाने चिकटवलेली. पट्टीवर काळ्या शाईत गावाचं नाव, विहीर कुणाची, किती हातांवर सापडला. जुन्या पट्ट्यांवर गावापुढे ‘प. खा.’ असं असे. धुळे जिल्ह्याला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत.

खिडकी पश्चिमेला होती. उन्हं कलली की नाना एकेक दगड उचलून उजेडात धरायचे आणि खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर ठिपके फिरायला लागायचे. स्वयंपाकघरातून अक्कांच्या बांगड्यांचा आवाज यायचा. त्या दुपारी आठवल्या की मला आजही पाण्याखालून वर बघितल्यासारखं वाटतं.

पेटीत एक दगड सगळ्यांत सुंदर होता. खाली पीच रंगाच्या पंख्यांसारख्या गुच्छांचा गालिचा आणि त्यावर उभे असलेले पाच-सहा हिरवे स्फटिक, कच्च्या कैरीच्या पाण्यासारखे स्वच्छ. आत बघितलं तर हिरव्याच्या मागे आणखी हिरवं, आणि त्याच्याही मागे उजेडाचा एक बारीकसा पडदा. त्याला पट्टी नव्हती. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा नाना म्हणाले, “हा असाच एक.” दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच म्हणाले. मग मी विचारणं सोडलं.

पुढच्या थंडीत नाना गेले. चार दिवसांचा ताप, एवढंच.

मार्चमध्ये अक्कांनी मला खाली बोलावलं. पेटी खोलीच्या मधोमध होती. त्या म्हणाल्या, हे धोंडे तुझ्या कॉलेजात ने. माझ्यामागे मुलगी ते अंगणातल्या झाडांच्या आळ्यांत लावेल. दगडांवर त्यांचा कधीच जीव नव्हता. नाना असतानाही त्या पेटीला ‘तुमचे धोंडे’ म्हणायच्या. पण नानांच्या हातची वस्तू कुठेतरी नीट राहावी एवढी त्यांची इच्छा होती.

आमच्या विभागात काचेचं एक कपाट रिकामं होतं. मी नोंदवही उघडली, दगडांना क्रमांक दिले, पट्ट्यांवरची गावं उतरवून घेतली. काम दोन दिवसांत संपलं. उरला तो हिरवा. विभागप्रमुख भले गृहस्थ होते, पण या बाबतीत कडक. त्यांनी दगड हातात घेऊन मनापासून वाखाणला आणि परत माझ्या हातात दिला. गाव माहीत नसलेला दगड घरी शोभेला ठेवावा, म्हणाले, अभ्यासाच्या कपाटात त्याचा उपयोग नाही. ते बरोबरच होतं. मी वर्गात मुलांना हेच शिकवत होते.

म्हणून मी तो दगड माडीवर आणला आणि नीट वाचायला बसले. इतके दिवस मी त्याचा चेहराच बघत आले होते. आता त्याला पालथा केला. पाठीचा खडक काळा, घट्ट. एका कडेला विटेच्या चुऱ्यासारखी लाल माती घट्ट बसलेली. ज्वालामुखीचा एक थर येऊन निवला, त्यावर माती साचली, मग दुसरा तापलेला थर येऊन ती माती भाजली गेली, तर असा लाल पट्टा तयार होतो. म्हणजे ही पोकळी अशा पट्ट्याला लागूनच असणार. दुसऱ्या बाजूला बोटभर लांबीची पन्हळ होती. सुरुंगाच्या भोकाची अर्धी बाजू. एवढंच त्याच्या अंगावर लिहिलेलं होतं.

असे हिरवे स्फटिक जळगावच्या आसपासच्या खाणींत निघतात असं मी ऐकलं होतं. एप्रिलच्या एका सकाळी दगड पिशवीत घालून मी मोपेडवर नशिराबादच्या पुढे गेले. हायवेलगत खडीच्या खाणी होत्या. पांढऱ्या धुळीत माणसं, झाडं, ट्रक सगळं एकाच रंगाचं झालेलं. तिथल्या खडकात पांढरे दाणे होते, हिरवं काही नव्हतं, लाल मातीचा तर पत्ताच नव्हता. एका खाणीच्या मुकादमाने दगड मागून घेतला. स्फटिकांकडे त्याने बघितलंही नाही. अंगठा त्या पन्हळीत घातला आणि वर-खाली फिरवला.

“मॅडम, हे मशीनचं भोक नाही,” तो म्हणाला. “हे हाताने पाडलंय. पहार फिरवत फिरवत मारतात, म्हणून भोक पुरतं गोल होत नाही, जरा तिकोनी होतं. बोट घालून बघा.”

मी बोट घातलं. खरंच, कड थोडी चेपलेली होती. तो म्हणाला, खाणींमध्ये यंत्र येऊन जमाना झाला, हे जुन्या विहिरीचं काम आहे. मग त्याने मला माठातलं पाणी दिलं आणि आपल्या कामाला लागला. मी एवढी शिकलेली, पण ती तिकोनी पन्हळ मला दिसली नव्हती.

जुनी विहीर म्हणजे नानांनी नोकरीत पाहिलेल्या शेकडो विहिरींपैकी एक. त्यांच्या कामाच्या डायऱ्या निवृत्तीच्या वर्षीच रद्दीत गेल्या होत्या. माझा शोध तिथेच थांबला असता. पण त्याच आठवड्यात अक्का पापड ठेवायला ती रिकामी पेटी धुवायला काढत होत्या. तळाचे कागद आणि एक फडकं त्यांनी माझ्यापुढे टाकलं, तुझ्या दगडांचं काही असेल तर बघ म्हणाल्या. बाकी सगळे दगड वर्तमानपत्रात गुंडाळलेले असत. हे कापड त्या हिरव्या दगडाखाली असायचं. मी झटकलं तर उन्हात बारीक चमचम खाली पडली. स्फटिकांचा चुरा त्याच्या विणीत अडकून राहिला होता.

जाडंभरडं, हिरव्या काठाचं, कुठल्याशा लुगड्याचं फाडलेलं कापड होतं ते. मधे हळदीचे डाग. दोन टोकांना गाठ मारल्याच्या सुरकुत्या इतक्या वर्षांनी तशाच ताठ.

अक्का हात पुसत पुसत आल्या आणि ते बघून थांबल्या. “ही झोळी आहे,” त्या म्हणाल्या. “यांचा हात मोडला होता ना, तेव्हा गळ्यात होती ती.”

मग त्या पाटावर बसल्या आणि आठवू लागल्या. तेव्हा बिऱ्हाड धुळ्याला होतं. अक्कांना सातवा महिना. त्याआधीची दोन बाळंतपणं वाया गेलेली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी फार जपायला सांगितलेलं. नाना पंधरा दिवसांसाठी कामावर गेले आणि आले ते एक हात गळ्यात बांधून, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत हा धोंडा. डोंगराच्या उतारावर सायकलवरून पडलो म्हणाले. अक्कांनी विश्वास ठेवला. ठेवू नये असं काही नव्हतं. नाना खोटं बोलणाऱ्यांतले नव्हतेच.

मी विचारलं, काम कुठे होतं तेव्हा? गावाचं नाव त्यांना आठवेना. पण त्या वर्षी नाना दर खेपेला डिंक आणत, हे आठवलं. बाळंतपणाच्या लाडवांसाठी. सातपुड्यातल्या बायका तो विकायला आणत. म्हणजे शिरपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे वाट फार वाईट होती, त्या सांगत होत्या, नाना सायकल शिरपूरलाच कुणाकडे ठेवून पुढे पायी जात.

हे बोलल्या आणि अक्कांनी ते कापड मांडीवर ओढून घेतलं. बाहेर कुठेतरी भंगारवाला ओरडत गेला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सायकल शिरपूरला होती, तर मग पडले कुठे?”

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. मी दगडासाठी निघाले होते. अक्का कशासाठी निघाल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. धुळ्याला त्यांच्या मुलीकडे रात्री मुक्काम केला. ही एकच मुलगी त्यांना, तेव्हा पोटात असलेली ती हीच. शाळेत शिकवायची, दोन मुलं होती. आईने कधी दगडाकडे ढुंकून बघितलं नाही आणि आता त्याच्या गावाला चालली म्हणून ती जेवण वाढताना हसत होती. अक्काही हसल्या. सकाळी तिने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली.

शिरपूरपर्यंत एसटी, पुढे खचाखच भरलेली जीप, मग पायी. ऊन असं होतं की दूरचा सातपुडा जमिनीपासून सुटून हवेत तरंगतोय असं वाटायचं. कपाशीची रानं मोकळी पडलेली. अक्कांनी पदर डोक्यावरून घेतला होता आणि त्या माझ्या पुढे चालत होत्या, वाट माहीत असल्यासारख्या. पहिल्या दोन गावांत कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या गावाच्या अलीकडे एक कोरडा नाला लागला. त्याच्या दरडीत, काळ्या खडकाच्या खाली, गेरूने ओढावी तशी लाल रेघ होती. मी दगड काढून लाल बाजू तिच्याशेजारी धरली. रंग तोच.

गावात शिरताना निंबाखाली एक म्हातारे गृहस्थ अंबाडीचा दोर वळत बसले होते. लोक त्यांना आबा म्हणत होते. मी दगड त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग अक्कांकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या झोळीच्या हिरव्या काठाकडे.

“हाऊ आम्हना विहीरना शे,” ते म्हणाले. हा आमच्याच विहिरीतला. आणि मग अक्कांना, अगदी हळू, “सायेब बरा शेतस ना?”

अक्कांनी सांगितलं, पौषात गेले. आबांनी हातातला दोर खाली ठेवला आणि ते उठून घरात गेले. परत आले तेव्हा डोक्याला फेटा होता. एवढ्या उन्हात त्यांनी तो आमच्यासाठी, किंवा नानांसाठी, बांधला असावा. बरोबर त्यांची बायकोही आली, कमरेत वाकलेली. तिने पिशवीतलं कापड स्वतःच काढून घेतलं, काठावरून बोट फिरवलं आणि हसली. तेव्हा तिच्याकडे धड असं ते एकच लुगडं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

विहीर शेतात होती, आठ-दहा मिनिटांच्या वाटेवर. मे महिन्यामुळे पाणी अगदी तळाला गेलेलं. वरून बघितलं तर नुसता काळोख. आबांनी सुनेला सांगून भिंतीवरचा आरसा मागवला. ते कठड्याशी उभे राहिले, आरसा दोन्ही हातांत धरून सूर्याकडे केला आणि उजेडाचा एक गोल विहिरीच्या पलीकडच्या भिंतीवर पाडला.

तो गोल हळूहळू खाली उतरू लागला. काळा खडक, एक पिंपळाचं रोप, पारव्यांचं घरटं, पुन्हा काळा खडक. मग अचानक भिंतीत एक कोनाडा आला, माणूस गुडघे मुडपून बसू शकेल एवढा, आणि उजेड त्यात शिरला. विहीर आतून पेटली. दुसरा शब्द मला सुचत नाही. शेकडो लहान पृष्ठभाग एकाच वेळी जागे झाले, हिरवे, पीच, पांढरे, आणि त्यांचे ठिपके समोरच्या भिंतीवर, खालच्या पाण्यावर, आमच्या चेहऱ्यांवर फिरू लागले. आबा आरसा किंचित फिरवत होते, म्हणून ते सगळं श्वास घेतल्यासारखं हलत होतं. कोनाड्याच्या बरोबर खाली लाल पट्टा होता, विहिरीला गोल वेढा घातलेला. मला दगडाची पाठ आठवली. एक शब्दही चुकीचा लिहिला नव्हता तिने.

मग आबांनी आरसा खाली केला, विहीर पुन्हा काळी झाली, आणि काठावरच्या सावलीत बसून त्यांनी जे घडलं ते सांगितलं. तेव्हा ते तरणे होते आणि त्याच विहिरीवर पहार मारायला होते.

सुरुंग उडाला ती दुपारची वेळ होती. सगळे भाकरी खायला वर आले होते. सुरुंगानंतर सैल झालेले दगड पाडल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही, हा नियम नानांनीच घातला होता आणि त्यावरून ते रोज ओरडायचे. पण धूर विरला तेव्हा भिंतीत काहीतरी लखलखलं. नाना कठड्याशी गेले, वाकून बघत राहिले. भाकरी खाणाऱ्यांचं लक्ष नव्हतं. आबांनी मान वर केली तेव्हा दोर ताणलेला होता आणि नाना विहिरीत होते.

कोनाड्यापर्यंत ते पोचले. आत हात घातला. आणि वरची एक शिळा सुटून त्यांच्या खांद्यावर आली. ते खालच्या ढिगाऱ्यावर पडले. आबा आणि आणखी एक जण उतरले, दगड बाजूला केले, वरून बाज सोडायला लावली आणि बाजेला बांधून नानांना वर घेतलं. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, आबांच्या बायकोने लुगडं फाडलं, हळद लावली. आठ दिवस नाना त्यांच्या झोपडीत होते. दुखण्यापेक्षा त्यांना लाजच जास्त वाटत होती, आबा म्हणाले. रोज मजुरांना ओरडणारा माणूस स्वतःच उतरला होता. कचेरीत सांगू नका, म्हणाले. आणि घरी तर मुळीच नाही.

“म्हने, घर बायको पोटुशी शे,” आबा अक्कांकडे बघत म्हणाले, “तिले हाई समजाले नको.”

जायच्या दिवशी आबांच्या बायकोने ढिगाऱ्यातून हा तुकडा शोधून आणला. ज्याच्यासाठी उतरलात तो घेऊन तरी जा, असं म्हणाली. नानांनी आधी नको म्हटलं. मग वाटेला लागले आणि शेताच्या बांधावरून परत फिरून घेऊन गेले.

अक्का सगळं ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नव्हतं. आबा थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“दुखलं का हो फार त्यांना?”

तीस वर्षं उलटून गेली होती. आबांनी खोटं सांगितलं नाही. दुखलं असणार, म्हणाले. “पन त्यास्नी आवाज काढा नही, माय.”

अक्कांनी मान हलवली. मग आबांच्या बायकोने आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिच्या मते सगळ्यांत महत्त्वाची होती. पुढे विहिरीला पाणी लागल्याचं कळलं तेव्हा नाना एकदा येऊन गेले. तिच्यासाठी नवं लुगडं आणलं होतं, आणि गावभर वाटायला पेढे. लोकांना वाटलं मुलगा झाला. नाना म्हणाले, मुलगी झाली, जिवंत आहे, रडते. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं तिला आठवत होतं. अक्कांना त्या पेढ्यांचंही ठाऊक नव्हतं. त्या तेव्हा माहेरी होत्या.

दुपारी आबांच्या घरी जेवलो. त्यांचा गोठा त्याच विहिरीतून निघालेल्या दगडांचा होता. उन्हं फिरली तसे त्या भिंतीतही मधे मधे हिरवे डोळे उघडले. गाई त्यांच्याशी अंग घासत उभ्या होत्या. मी वही काढून गावाचं नाव लिहिलं, विहीर कुणाची ते लिहिलं, कोनाडा किती हातांवर आहे ते आबांना विचारून लिहिलं. आमच्या नोंदवहीत ‘शोधणारा’ असा एक रकाना असतो. बाकी चाळीस दगडांपुढे मी तिथे नानांचं नाव लिहिलं होतं. या वेळी मी आबांच्या बायकोला तिचं नाव विचारलं. तिने आधी नवऱ्याचं सांगितलं. तुमचं सांगा, म्हटल्यावर लाजून स्वतःचं सांगितलं. ते मी लिहिलं.

परतीच्या वाटेवर जीपची वाट बघत आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत बसलो होतो. अक्का म्हणाल्या, “मला तेव्हा सांगितलं असतं तर मी भ्याले असते. बरं केलं नाही सांगितलं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण नंतर सांगायचं होतं. पोर चालायला लागल्यावर तरी सांगायचं होतं.” नाना दर रविवारी तो दगड उजेडात धरायचे आणि परत ठेवायचे. त्यांना काय दिसत असेल त्यात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी अक्कांना तेवढंच सांगितलं, की ते तो फार वेळ धरून बघायचे. त्यांनी ते ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या, स्वयंपाकघरातून मला त्यांची पाठ दिसायची.

शिरपूरहून धुळ्याची गाडी मिळाली तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. तापीच्या पुलाजवळ गाडी बंद पडली. ड्रायव्हर बोनेट उघडून बसला, माणसं एकेक करून खाली उतरली. नदीचं पात्र मैलभर पसरलेली वाळू झालेलं, मधूनच पाण्याची एक निळी पट्टी. वाळूत खरबुजांच्या वाड्या होत्या, कुडाच्या खोपी, माणसं डोक्यावरून घागरी नेत वेलांना पाणी घालत होती. वारा सुटला होता आणि त्याला पिकल्या खरबुजांचा वास होता.

अक्का उतार उतरून सरळ पाण्याकडे चालायला लागल्या. मी चपला हातात घेऊन मागे गेले. काठाशी त्यांनी लुगडं जरा वर खोचलं आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. वाळू अजून तापलेली, पाणी मात्र गार. एका वाडीवाल्या बाईने आम्हाला खरबूज कापून दिलं. नातवंडांसाठी अक्कांनी आणखी दोन निवडली, नाकाशी धरून, वास घेऊन, एक परत ठेवून दुसरं उचलून. मग म्हणाल्या, आज जेवताना मुलीला सगळं सांगते, पेढ्यांपासून सुरू करते. पलीकडे ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, लोक परत चढू लागले. अक्का मात्र आणखी थोडा वेळ तिथेच उभ्या होत्या, पायाखालून वाळू सरकू देत, खरबुजं पदरात धरून.